मऊ प्लास्टिकची भीती: काय फेकायचं, काय ठेवायचं

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे, घरची थोडी शेतीही आहे. पत्नीला पाचवा महिना लागलाय. परवा मोबाइलवर एक व्हिडिओ आला. प्लास्टिक मऊ करायला जे रसायन घालतात त्यानं पोटातल्या मुलाचं पुरुषत्व जातं, पुढे वंध्यत्व येतं, कॅन्सर होतो, असं त्यात सांगितलंय. तेव्हापासून ती प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी अंगावर घ्यायला तयार नाही. आई म्हणते, "मले चार झाले, काई नाई झालं." रविवारी तर्रीपोहे पन्नीत येतात, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन येतो, लोणचं प्लास्टिकच्या बरणीत आहे, वापराचं पाणी बाजारातून आणलेल्या निळ्या ड्रममध्ये भरतो. यातलं काय फेकू आणि काय ठेवू?

उत्तर: गुरुजी, आधी ती बादली न्हाणीत परत ठेवा आणि ताईंना निवांत आंघोळ करू द्या. बादली, मग, टोपलं, धान्याची कोठी ही कडक भांडी पॉलिथिनची नाहीतर पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना मऊ करायचंच नसतं, त्यामुळे ते रसायन त्यांत घालायचं कारण पडत नाही. व्हिडिओ अगदीच खोटा नाही. पण तो ज्या प्लास्टिकबद्दल बोलतो ते तुमच्या न्हाणीत नसून घरात दुसरीकडे आहे.

मी स्त्रीरोगाची डॉक्टर. वर्धा नदीच्या दोन्ही काठांच्या गावांतली बाळंतपणं करत सव्वीस वर्षं झाली. दवाखाना काढला तेव्हा तपासणीच्या टेबलावर गर्द हिरवं रेक्झिन चढवून घेतलं होतं. नवं होतं तेव्हा इतकं मऊ की बाई उठून गेली तरी तिच्या कोपराचा ठसा थोडा वेळ राहायचा. मे महिन्यात हात टेकला की चिकचिक लागायचं. सहा-सात वर्षांत ते ताठ झालं, कडेनं भेगा पडल्या, आणि एक दिवस एका पेशंटच्या पाठीला कडा टोचली. कारागिराला बोलावलं. त्यानं नखानं एक पोपडा काढला, दोन बोटांत मोडून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, याचं तेल उडालं. आता याचा पापड झाला." हे तेल म्हणजेच व्हिडिओतलं प्लास्टिक मऊ करणारं रसायन, थॅलेट. हा शब्द त्यानं कधी ऐकला नसेल, पण मुद्दा त्यानं बरोबर पकडला होता.

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक, आपल्या बोअरच्या करड्या पाइपासारखं. त्याचं रेक्झिन, रेनकोट, मेनकापड किंवा सलाईनची नळी करायची तर त्यात तेलासारखं द्रव मिसळावं लागतं. या द्रवांतलं जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं कुटुंब म्हणजे थॅलेट, आणि त्यातला थोरला भाऊ डीईएचपी. काही मऊ वस्तूंच्या वजनात तीस-चाळीस टक्के हे द्रवच असतं. करंजीच्या पिठात मोहन घालतात तसंच हे. तेल पिठाच्या कणाकणांत शिरतं, पीठ खुसखुशीत होतं, पण तेल काही पीठ होत नाही. करंजी कागदावर ठेवली की कागद तेलकट होतोच. थॅलेटही प्लास्टिकला रासायनिक गाठीनं बांधलेलं नसतं. ऊन लागलं, तेलातुपाचा हात लागला, वस्तू घासली गेली की ते हळूहळू बाहेर येतं. माझ्या टेबलाचं तेल उडालं ते कुठे गेलं? थोडं हवेत, थोडं खोलीच्या धुळीत, थोडं तिथं झोपलेल्या बायांच्या कातडीला आणि माझ्या हातांना.

पोटात गेलेलं थॅलेट शरीरात साठून राहत नाही. शिसं हाडांत जाऊन बसतं, डीडीटी चरबीत घर करतं. थॅलेटचं तसं नाही. आतड्यात आणि यकृतात ते तुटतं आणि त्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात, निम्मे काही तासांत आणि बहुतेक सगळे एक-दोन दिवसांत. मग काळजी कशाची? आपण ते रोज नव्यानं आत घेतो याची. नळ चालूच असेल तर टाकी रिकामी दिसणार कशी! पण नळ बारीक केला की पातळी लगेच उतरते, आणि हे मोजून बघितलेलं आहे. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांना, मिळून वीस माणसांना, तीन दिवस फक्त ताजं शिजवलेलं आणि डबाबंद किंवा प्लास्टिकबंद नसलेलं जेवण दिलं. त्यांच्या लघवीतले डीईएचपीचे अवशेष निम्म्याहून खाली आले. जुनं जेवण सुरू झालं तसे आकडे पुन्हा चढले. म्हणजे ताईंनी आजपासून दोन-चार सवयी बदलल्या तर परवापर्यंत फरक पडेल. आतापर्यंत काय झालं असेल म्हणून रात्रभर जागायला नको.

आता पुरुषत्वाचं. थॅलेटांपैकी काही, विशेषतः डीईएचपी आणि डीबीपी, गर्भातल्या मुलाच्या वृषणांत (अंडाच्या गोळ्यांत) तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक कमी करतात. उंदरांत हे पक्कं सिद्ध झालंय. गाभण मादीला ठरावीक वेळी मोठा डोस दिला तर नर पिल्लांमध्ये लघवीचं छिद्र भलत्या जागी येतं, गोळ्या खाली उतरत नाहीत, आणि गुद व जननेंद्रिय यांच्यामधलं अंतर मादीसारखं आखूड राहतं. माणसांत २००५ साली अमेरिकेतल्या शॅना स्वान यांच्या गटानं पहिल्यांदा दाखवलं की गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत थॅलेटचे अवशेष जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये हे अंतर सरासरीनं कमी होतं. नीट लक्षात घ्या, फरक मिलिमीटरचा होता. ती मुलं मुलगेच होती, धडधाकट होती. "पुरुषत्व जातं" हे व्हिडिओवाल्यानं पदरचं घातलं. मात्र हे अंतर म्हणजे गर्भात पुरुष-संप्रेरकानं किती काम केलं याची खूण, म्हणून शास्त्रज्ञ तिला किंमत देतात. मोठ्या माणसांमध्येही थॅलेटचं प्रमाण जास्त आणि शुक्रजंतूंची प्रत कमी, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय.

माणसाच्या गर्भात या घडणीची नाजूक वेळ साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्याची. ताईंचा पाचवा महिना, म्हणजे ती वेळ मागे पडली. त्या आठवड्यांत पन्नीतलं किती खाल्लं याचा हिशेब आता मांडत बसू नका, तो मांडता येतही नाही. पुढच्या महिन्यांसाठी सावध राहण्याची कारणं वेगळी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सोळा अभ्यासांतल्या सहा हजारांहून जास्त गरोदर बायांची माहिती एकत्र करून तपासली. काही थॅलेटांचं प्रमाण जास्त असलेल्यांमध्ये दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त निघालं. थोडंच, पण आमच्या भागात कमी दिवसांचं बाळ म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यानं रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेची वाट बघितलीय त्याला विचारा.

दोन वर्षांमागे एक माय आपलं आठ महिन्यांचं पोरगं घेऊन आली होती. एका बाजूची गोळी उतरलेली नव्हती. बाजूला घेऊन हळूच विचारते, "बाई, मी पोटुशी असतानी पल्ल्याश्टिकच्या डब्यातलं खाल्लं, म्हून झालं का हे?" तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. एका लेकराकडे बघून हे थॅलेटमुळे झालं की आणखी कशामुळे, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. कमी दिवसांची मुलं, कमी वजनाची मुलं, काही घराण्यांतली मुलं, कित्येकांत हे होतं. दोष मायच्या डब्याला देण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो वेळेवर बघण्यात. तुम्हाला मुलगा झाला तर पहिल्याच तपासणीत दोन्ही गोळ्या खाली आहेत का आणि लघवीची धार कुठून येते हे डॉक्टरला बघायला लावा. सहा महिन्यांचा होऊनही गोळी उतरली नाही तर सर्जनकडे न्या. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. आमच्याकडे अशी पोरं शाळेत जायला लागल्यावर येतात, याचं मला प्लास्टिकपेक्षा जास्त दुःख आहे.

कॅन्सरचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डीईएचपीला "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवलंय, मुख्यतः उंदीर-घुशींच्या यकृतातल्या गाठींवरून. त्याच गटात चीन-जपानकडच्या पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. तंबाखू पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे. घरात कोणी खर्रा खात असेल तर प्लास्टिकच्या कॅन्सरची चर्चा तूर्त पुढे ढकला.

आईंचा मुद्दाही खोडून काढत नाही, पण त्यांची चार बाळंतपणं झाली तेव्हा घरात मऊ प्लास्टिक होतं तरी किती? पाणी रांजणात, लोणचं चिनी मातीच्या बरणीत, पंगत पळसाच्या पत्रावळीवर, बाळाच्या खाली जुन्या लुगड्याची घडी. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या घरातला आहे.

आता तुमचं घर बघू. घरातली कोणती वस्तू पीव्हीसीची हे ओळखायला आमच्या आशाताईंना मी एक युक्ती शिकवलीय. बादलीत पाणी घ्यायचं आणि वस्तूचा नखाएवढा तुकडा त्यात बुडवून सोडायचा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीव्हीसी जड, ते तळाला जातं. मऊ, चामड्यासारखं लवचिक, आणि बुडणारं, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. उपकेंद्राच्या ओट्यावर आम्ही एकदा हे केलं तेव्हा पन्नी वर, दुधाची पिशवी वर, दोऱ्यांसारखी विणलेली चटई वर. बाळाचं मेनकापड, फाटका रेनकोट आणि यात्रेतला किंचाळणारा लाल बदक (त्याचा पंखच कापला, एक पोट्टा रडायलाच लागला) हे तिन्ही सरळ तळाशी. त्रिकोणात तीनचा आकडा छापला असेल तर तेही पीव्हीसीच. तुकडा जाळून मात्र बघू नका. का ते पुढे सांगते.

तर्रीपासून सुरू करू, कारण रविवार जवळ आलाय. तर्री म्हणजे वर बोटभर तेल, आणि ती उकळती. पन्नी बहुधा साध्या पॉलिथिनची, म्हणजे तिच्यात मुद्दाम घातलेलं थॅलेट नसतं. मग चालेल? माझ्या मते नाही. रंगीत, भंगार वितळवून केलेल्या पन्नीत आधी कशाचं काय होतं हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, छपाईच्या शाईतही थॅलेट वापरतात, आणि उकळतं तेल हे पिशवीतून काहीही ओढून काढायला सगळ्यात चांगलं माध्यम. पोहे-भजी वर्तमानपत्रात बांधून देणंही २०१८ च्या खाद्य-पॅकिंग नियमांनुसार मना आहे, ते वेगळंच. तेव्हा घरून स्टीलचा डबा न्या. डबा पुढे केला की टपरीवाला तर्री दोन पळ्या जास्तच वाढतो, हा माझा अनुभव आहे. चहाची पन्नीही बंद करा, शेतात न्यायला किटली आहे की.

लोणच्याच्या बरणीचं तसंच. कडक पांढरी बरणी असेल तर त्यात थॅलेट नसेल, पण तेल, मीठ, आंबट आणि वर्षभराचा मुक्काम हे सगळं एकत्र आलं की मला कुठल्याच प्लास्टिकचा भरवसा वाटत नाही. काच किंवा चिनी माती घ्या. शक्य असेल तर तेलही प्लास्टिकच्या कॅनमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. गरम भाजी, वरण, दूध प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका. गार झालेली भाकरी त्यात बांधली तर मी तुम्हाला रागावणार नाही.

वीस लिटरचा कॅन वेगळा विषय आहे. काचेसारखा पारदर्शक, टणक असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा, आणि त्यातून येतं ते बीपीए. ते मऊ करणारं रसायन नव्हे, ते त्या प्लास्टिकचा कच्चा मालच. व्हिडिओंत दोघांना एकाच पोत्यात भरतात. बीपीए इस्ट्रोजेनसारखं वागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली, आणि पुढे युरोपनं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीच घातली. सगळ्या देशांच्या संस्थांना ही वीस हजार पट मान्य नाही, पण दिशा कुठली ते कळतं. तरी कॅन एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथं कॅन बंद करून बोअरचं पाणी पिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. कॅन उन्हात उभा ठेवू नका, घरी आला की पाणी माठात ओता, ओरखडे पडून पांढुरका झालेला कॅन बदलून मागा, आणि त्यात गरम पाणी कधीच भरू नका. "बीपीए फ्री" छापलंय म्हणजे थॅलेट नाही असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या छोट्या बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या. त्याच्या लांबलचक नावात टेरेथॅलेट हा शब्द येतो म्हणून लोक घाबरतात, पण ते रसायन वेगळं आहे, त्यात मऊ करणारं काही घातलेलं नसतं. ती बाटली वर्षभर वापरू नये याचं कारण तिच्या तळाशी बसलेला बुळबुळीत थर आहे.

बोअरच्या कडक पाइपात थॅलेट नसतं. पूर्वीच्या पाइपांत शिशाचा प्रश्न होता, त्यावर २०२१ मध्ये केंद्रानं नियम केले. पण शेतात वापरतात तो हिरवा मऊ पाइप पीव्हीसीचा. मे महिन्यात दुपारभर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं गरम पाणी कुणी प्यायला घेऊ नये. मजूर बाया ओंजळ लावून पितात, मी बघितलंय.

बाळ आल्यावर खरी परीक्षा. रांगणारं लेकरू जमिनीच्या जवळ असतं, हात तोंडात घालतं, आणि त्याच्या वजनाच्या मानानं जास्त खातं-पितं-श्वास घेतं. त्यामुळे तीच धूळ तुमच्यापेक्षा त्याच्या पोटात जास्त जाते. मेनकापड वापरायचं तर वर दुहेरी सुती कपडा हवाच. बाळाचं उघडं अंग त्यावर नको, आणि तेल लावून मालिश तर त्यावर मुळीच नको. आमच्याकडे नेमकं तिथंच करतात, कारण तेल सांडत नाही. तेल आणि मऊ पीव्हीसी एकत्र आलं की काय होतं ते वर सांगितलंच. हल्ली नव्या घरांत फरशीवर छापील फुलांची प्लास्टिकची शीट अंथरतात, तीही तळाला जाणारी. स्वीडनमधल्या २००४ च्या एका अभ्यासात मुलांच्या खोल्यांमधली धूळ तपासली तेव्हा धुळीत डीईएचपी जास्त असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळलं. बाळाच्या खोलीत ती शीट नको. फरशी ओल्या फडक्यानं पुसा. सारवलेली जमीन असेल तर प्रश्नच मिटला.

खेळण्यांबद्दल कायदा आपल्या बाजूला आहे. युरोपनं १९९९ मध्ये लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांवर तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची मर्यादा घातली, अमेरिकेनं २००८ मध्ये. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्या मानकात ठरावीक थॅलेटांना ०.१ टक्क्याची सीमा आहे. पण चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत चादर अंथरून बसलेल्या माणसाकडे चिन्ह कोण बघतं? दात येणाऱ्या बाळाच्या हातात मऊ, उग्र वासाचं, बिनचिन्हाचं खेळणं देऊ नका. लाकडी खुळखुळा द्या, स्टीलची वाटी-चमचा द्या. वाटी आपटण्याचा आनंद त्या बदकात नाही.

एक गोष्ट प्लास्टिक नसूनही याच घराण्यातली आहे. डीईपी नावाचं थॅलेट सुगंध टिकवायला वापरतात, अत्तरात, अगरबत्तीत, वासाच्या पावडरीत. २००८ च्या एका अभ्यासात अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या लघव्या तपासल्या, तेव्हा ज्यांना लोशन, पावडर, शाम्पू लावलेलं होतं त्यांच्यात थॅलेटचे अवशेष जास्त निघाले. डीईपी हे डीईएचपीइतकं वाईट नाही. तरी बाळाला वासाची पावडर कशाला हवी हे मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. पावडर फुप्फुसात जाते ते आणखी वेगळं. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरीही नको, अगरबत्तीही नको.

दवाखान्यातल्या नळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी विचारील. सलाईनची बाटली बहुधा पॉलिथिनची, तिची नळी मात्र पीव्हीसीची. रक्ताची पिशवीही डीईएचपीवालीच. गंमत अशी की तेच डीईएचपी तांबड्या पेशींचं आवरण टिकवतं, म्हणून रक्त जास्त दिवस चांगलं राहतं, आणि युरोपलाही ते काढून टाकायला मुदत वाढवून द्यावी लागली. आपल्या भागात सिकलसेलची मुलं आहेत, त्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं. प्लास्टिकच्या भीतीनं कुणी रक्त नाकारलं तर ते मूल थॅलेटनं नाही, रक्ताअभावी जाईल. बाळंतपणात ताईंना रक्त किंवा सलाईन लागलं तर बिनदिक्कत घ्या. नुसत्या अशक्तपणाला "एक बाटली लावून द्या" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते, पण त्याचं कारण प्लास्टिक नाही. ती बाटली म्हणजे महागडं मीठ-साखरपाणी, हे कारण.

आणि अशक्तपणावरून आठवलं. इतकं सविस्तर पत्र लिहिलंत, ताईंचं हिमोग्लोबिन किती ते लिहिलं नाहीत. पाचव्या महिन्यात ते दहाच्या खाली असेल तर या पानावरच्या सगळ्या रसायनांपेक्षा तो आकडा बाळाला जास्त महागात पडेल. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. ती लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यावी. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी झाली नसेल तर याच आठवड्यात करा.

जाळायचं का नाही ते सांगते म्हटलं होतं. चूल पेटवायला आमच्याकडे पन्नीचा बोळा किंवा तुटक्या चपलेचा तुकडा सर्रास घालतात, भुरभुर पेटतो म्हणून. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती मात्र चरबीत वर्षानुवर्षं राहतात, आईच्या दुधातही उतरतात. तांब्यासाठी वायर जाळणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. पोटुशी बाई चुलीपुढे वाकून फुंकर घालते तेव्हा तो धूर थेट तिच्या तोंडावर येतो. काय फेकू, असं तुम्ही विचारलंत. जे फेकाल ते चुलीत किंवा उकिरड्यावर जाळलंत तर घरात होतं तेच बरं होतं.

राहिला निळा ड्रम. तुम्ही तो शेवटी, जाता जाता लिहिलाय, आणि माझी नजर पहिल्यांदा तिथंच अडली. ड्रमचं प्लास्टिक जाड पॉलिथिनचं, त्यात थॅलेट नाही, पाण्याच्या परीक्षेत तो तरंगेल. पण बाजारात मिळणारे असे बरेच ड्रम जुने असतात. कारखान्यातून रसायन येतं, ड्रम रिकामा झाला की धुऊन विकतात. आणि पॉलिथिन काही द्रवं स्वतःत शोषून घेतं, साबणानं कितीही घासा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर काही वर्षांनी माझ्याकडे एका सासू-सुनेला आणलं. फवारा मारायला दोघीही गेलेल्या नव्हत्या. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू केला आणि घरच्यांना एकेक विचारत गेले. फवारणीच्या औषधाची पाच लिटरची कॅन, तीनदा धुतलेली, तिच्यातून शेतावर प्यायला पाणी नेलं होतं. दोघी वाचल्या. सुनेला तेव्हा तिसरा महिना होता.

म्हणून आजच ड्रम उजेडात आणा. बाहेरून घासून काढलेलं लेबल, डिंकाचे डाग, कवटीचं किंवा ज्वाळेचं चिन्ह, कुठला आकडा दिसतो का बघा. झाकण उघडून थोडं दूरूनच वासाचा अंदाज घ्या, नाक आत घालू नका. ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा, आधी यात काय होतं. साबण किंवा खाण्याचं तेल म्हणाला आणि लेबल तेच सांगत असलं तर धुण्याभांड्याला वापरा, प्यायला नको. धड उत्तर आलं नाही, तर त्या पाण्यानं भांडी नाहीत, आंघोळ नाही, गुरांना पाजणं नाही. ड्रमला खालून दोन भोकं पाडा, म्हणजे तुमच्याकडून नेऊन पुन्हा कुणी त्यात पाणी भरणार नाही.